सप्टेंबरातलं रँकिंग म्हणजे ऑगस्टचाच अंदाज, फक्त इस्त्री केलेला

चौथा डाउन (कोलंबस, ओहायो)
१० सप्टेंबर २०२५

३० ऑगस्टला आमच्या मंडळाचा गणपती आणि कॉलेज फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉल) ओहायो स्टेट-टेक्सास सामना एकाच दुपारी आले. पुढे मंत्रपुष्पांजली चालू, मागच्या रांगेत आम्ही चौघं एका फोनवर वाकलेले. तिसरा क्वार्टर, टेक्सासचा चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, गोललाइन एका यार्डावर. त्यांचा क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, चेंडू फेकणारा) आर्च मॅनिंग स्वतःच चेंडू घेऊन घुसला आणि ओहायोच्या भिंतीत रुतला. आमच्यातला एक जण असा काही ‘येस्स’ ओरडला की गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. १४-७ जिंकलो. ती नशा अजून उतरलेली नाही, तेव्हा पुढचं त्या बेताने घ्या.

माझं म्हणणं एवढंच: ऑक्टोबर उजाडेपर्यंत एपी या वृत्तसंस्थेने पहिल्या पंचवीस संघांचं रँकिंग काढूच नये. साठेक पत्रकार ऑगस्टमध्ये, एकही सामना झालेला नसताना, मतं देतात. १९५० पासून हे चालू आहे. यंदा त्यांनी टेक्सासला पहिलं बसवलं. कशाच्या जोरावर? ज्या पोराने त्याआधी दोनच सामने सुरुवातीपासून खेळले होते, त्याच्या आजोबा-काकांच्या पुण्याईवर. आर्च म्हणजे आर्चीचा नातू, पेटन आणि ईलायचा पुतण्या; तिघंही नावाजलेले क्वार्टरबॅक.

बरं, अंदाज चुकतात. पण चुकलेला अंदाज पुसायला कुणी तयार नसतं. या रविवारची यादी बघा. नोटर डेम एकच सामना खेळलंय, मायामीत २७-२४ हरलंय, दुसऱ्या आठवड्यात तर सुट्टीवर होतं. स्थान आठवं. साउथ फ्लोरिडाने आधी बॉइसी स्टेटला ३४-७ धुतलं, मग फ्लोरिडाला त्यांच्याच घरात १८-१६. दोन्ही रँकवाले संघ. स्थान अठरावं. हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि शनिवारच्या सामन्यांची भाकितंही खाली लिहा. माझी: जॉर्जिया टेनेसीला हरवेल, नोटर डेम टेक्सास ए अँड एमला हरवेल, क्लेम्सन जॉर्जिया टेकच्या हातून कसंबसं सुटेल.

ऑस्टिनचा अण्णा

आलं का तुमचं आजोबा-काका! टेक्सास मागचे दोन्ही हंगाम प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या) उपांत्य फेरीत होतं, ते काय आर्चीने खेळून पोचवलं? मतं संघाला दिली होती, नातवाला नाही.

दुसरं, तुमच्या त्या विजयाचे यार्ड, म्हणजे चेंडू किती पुढे नेला ते, मोजलेत का? आमचे ३३६, तुमचे २०३. तेही तुमच्या मैदानात, लाखभर माणूस आमच्या कानात ओरडत असताना. आर्च वाईट खेळला, मान्य. ३० पैकी १७ पास, १७० यार्ड, एक टचडाउन (चेंडू गोललाइनपार), एक इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेला पास). पहिले तीन क्वार्टर तर मला टीव्ही बंद करावासा वाटत होता. पण ज्या संघाने जास्त चेंडू चालवला आणि एका टचडाउनने हरला, त्याला सातव्या स्थानावर ठेवलं यात कोणता अन्याय झाला?

तिसरं. मागच्या नोव्हेंबरात मिशिगनने तुम्हाला घरी येऊन १३-१० पाडलं, तेव्हा तुमच्या कोच रायन डेला हाकला म्हणून कोण ओरडत होतं? जानेवारीत त्यानेच करंडक आणून दिला. एका सामन्यावरून बोलायचं नसतं हे तुम्हीच आम्हाला शिकवायला हवं होतं.

चौथा डाउन

डेबद्दल मी जे बोललो ते रागात बोललो. यार्डांना गुण मिळत नाहीत, अण्णा.

अटलांटातली

इथे जॉर्जिया टेकवाली मी एकटीच दिसतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला मूळ मताचा अर्धा भाग पटतो, पण उलट कारणाने. ऑगस्टचं रँकिंग खोटं असतं, हो. पण पहिले सामने खोटे नसतात. मागच्या वर्षी डब्लिनमध्ये, म्हणजे थेट आयर्लंडला जाऊन, आम्ही फ्लोरिडा स्टेटला २४-२१ हरवलं. ते तेव्हा दहावे होते. सगळे म्हणाले, प्रवासाचा शीण, परका देश, एवढं मनावर घेऊ नका. त्यांनी हंगाम संपवला २-१० वर, दोन विजय, दहा पराभव! पहिल्याच दिवशी जे दिसलं ते खरं होतं. लोक यादीकडे बघत बसले.

यंदा तीच फ्लोरिडा स्टेट यादीत कुठेच नव्हती. अलाबामा आठवं. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक कॅस्टेयानोस उन्हाळ्यातच बोलून गेला होता की आता अलाबामाला वाचवायला त्यांचे जुने कोच सेबन नाहीत. सगळे हसले. टॅलाहासीत अलाबामाने पहिल्याच ड्राइव्हला (चढाईला) टचडाउन मारला, तेव्हा मीही हसले. पुढे फ्लोरिडा स्टेटने २३० यार्ड नुसते पळून काढले आणि ३१-१७ ने वाजवलं. हंगामाचा पहिला सामना अलाबामा २००१ नंतर प्रथमच हरलं. जो संघ तुमच्या लाइनला, पुढच्या फळीला, असा ढकलत नेतो, तो योगायोगाने जिंकत नाही. पास एखाद्या दिवशी लागतो, एखाद्या दिवशी नाही. ढकलाढकलीत मात्र लबाडी नसते.

म्हणून क्लेम्सनबद्दल. पहिल्या आठवड्यात एलएसयूकडून घरी १७-१०. दुसऱ्यात ट्रॉयसमोर १६-० ने मागे! २७-१६ जिंकले, पण कुणासमोर धाप लागली ते बघा. आमचा हेन्स किंग मागच्या सामन्यात बसून होता, तो शनिवारी उभा राहिला तर आम्ही जिंकतो. दुपारी बाराचा सामना आहे, घरी या, पोहे करते.

पहाटे पाच (पुणे)

इंडियानात एमएस करून परत आलो, हा रोग मात्र सोबत आला. नोटर डेमचा सामना तिकडे शनिवारी साडेसातला, म्हणजे आमच्याकडे रविवारी पहाटे पाच. बायको म्हणते, काकड आरतीला कधी उठला नाहीस.

अटलांटातली बाई, एक उदाहरण तुमचं, एक माझं. मागच्या वर्षी दुसऱ्याच आठवड्यात नोटर डेम घरच्या मैदानात नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ हरलं. मी पहाटे उठून ते बघितलं आणि हंगाम संपला असं समजून पुढचे दोन शनिवार झोपलो. ते थेट अंतिम फेरीत गेले. तुमच्या न्यायाने त्या दिवशी दिसलेलं ‘खरं’ होतं ना? मग डिसेंबरात काय दिसलं?

आणि चौथा डाउन, तुम्ही ज्या यादीवर एवढे तापलात तिच्यावर प्लेऑफ ठरतच नाही. १३ जणांची समिती वेगळी, तिची पहिली यादी नोव्हेंबरात येते. बारा संघ, त्यात पाच जागा कॉन्फरन्स (संघांचे गट) विजेत्यांना. साउथ फ्लोरिडाने आपली कॉन्फरन्स जिंकली आणि छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांत वरचं राहिलं तर ते आत, अठरावे म्हणा की अठ्ठाविसावे. मागच्या वर्षी बॉइसी स्टेट असंच आत आलं. मग या यादीने नक्की कुणाचं काय बिघडलं? रविवारी चहासोबत वाचायला मिळते, एवढंच.

चौथा डाउन

समितीतली माणसं नोव्हेंबरपर्यंत डोळ्यांवर पट्टी बांधून बसतात का? दर शनिवारी टीव्हीच्या पडद्यावर संघाच्या नावापुढे तो आकडा असतो. ‘आठव्या क्रमांकाच्या संघाला हरवलं’ हे वाक्य नोव्हेंबरात कामी येतं, आणि तो आठ कुठून आला हे तोवर सगळे विसरलेले असतात. अलाबामा तेव्हा आठवं होतं म्हणूनच आज फ्लोरिडा स्टेट दहावं आहे. फुगा कुणी फुगवला होता? त्याच साठ जणांनी.

तिरकस

साउथ फ्लोरिडाच्या सामन्याबद्दल कुणी नीट लिहिलंच नाही. ६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. इकडे आम्ही टबात विसर्जन करतोय, तिकडे फ्लोरिडाचं चाललंय. शेवटच्या ड्राइव्हमध्ये फ्लोरिडाचा एक पठ्ठ्या समोरच्या खेळाडूवर थुंकला. थुंकला! पंधरा यार्डांचा दंड आणि स्वतः मैदानाबाहेर. मग वीस यार्डांवरून साउथ फ्लोरिडाचा फील्ड गोल (लाथेने मारलेले तीन गुण), घड्याळ शून्य, १८-१६. आता या संघाची खरी ताकद कुठल्या यादीत मोजणार?

बाकी पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत नवीन भाकितं करू नयेत.

कॉलेज स्टेशनकर

ए अँड एमवाला. आमच्याकडून आशावाद अपेक्षू नका.

मागच्या वर्षी नोटर डेम आमच्याकडे आलं होतं, मी वरच्या मजल्यावर होतो. आमच्या काइल फील्ड मैदानात एक प्रथा आहे, सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डावी-उजवीकडे डोलतात. लाखभर माणूस. पायाखालचं काँक्रीट खरोखर हलतं, हातातल्या ग्लासातलं पाणी हिंदकळताना मी बघितलंय. एवढं हलवूनही २३-१३ हरलो. आता त्यांच्या घरी जायचंय. रँकवाल्या संघाला त्याच्या मैदानात हरवून आम्हाला अकरा वर्षं झाली. २०१४, ऑबर्न. तेव्हा मी अविवाहित होतो.

तरी एक सांगतो. मार्सेल रीडला यंदा क्रेव्हर आणि कन्सेप्सिऑन हे दोन चपळ रिसीव्हर (पास झेलणारे) मिळालेत, दोघंही दुसऱ्या विद्यापीठांतून आणलेले. नोटर डेमचा कार हा क्वार्टरबॅक कारकिर्दीत सुरुवातीपासून दुसराच सामना खेळणार. सुट्टीचा आठवडा नव्या पोराला बरा की वाईट? मला वाटतं वाईट. पंधरा दिवस तो मायामीच आठवत बसला असणार. ३१-२८ आम्ही. लिहितानाच हात थरथरतोय.

पहाटे पाच (पुणे)

सुट्टीत कोच मार्कस फ्रीमन त्याला आठवत बसू देईल असं वाटतं का? नोटर डेम ३०-२०. मात्र एक कबूल करतो: या वेळी हरलं तर ०-२, आणि नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही. विजेतेपदाच्या दारातून आत शिरायची सोय नाही. मग तुमच्या त्या साठ जणांच्या मायेचीच गरज लागेल.

चौथा डाउन

बघा. स्वतःच्या तोंडाने बोललात.

नॉक्सव्हिल केशरी

जॉर्जिया जिंकेल म्हणणाऱ्यांनी त्यांचा दुसरा सामना बघितला का? ऑस्टिन पे नावाच्या छोट्या संघासमोर २८-६. आमचे, टेनेसीचे, २ सामने, ११७ गुण.

हो, माहीत आहे, जॉर्जियाकडून आठ वर्षं सलग हरतोय. २०१६ ला घड्याळ संपताना ती हवेतली फेक लागली, त्यानंतर काहीच नाही. पण यंदाची गंमत वेगळी आहे. एप्रिलमध्ये आमचा क्वार्टरबॅक इयामलेआवा पैशांवरून भांडून यूसीएलएला गेला, आणि यूसीएलएचा अगिलार आमच्याकडे आला. यूसीएलए दोन्ही सामने हरलंय. असा सौदा भाजीबाजारातही होत नाही. नेलंड स्टेडियम, ३४-३१, आम्ही.

ऑस्टिनचा अण्णा

सिराक्यूस आणि ईस्ट टेनेसी स्टेटसमोरचे ११७ गुण जॉर्जियासमोर मोजायचे नसतात, केशरी. आम्ही मागच्या वर्षी जॉर्जियाकडून एका हंगामात दोनदा मार खाल्लाय. ते चौथ्या क्वार्टरमध्ये थकतच नाहीत. जॉर्जिया, एका टचडाउनने.

अटलांटातली

माझ्या शेजारी सगळे जॉर्जियावाले, म्हणजे आम्हा टेकवाल्यांचे वैरी, राहतात. मी केशरीच्या बाजूने, निव्वळ द्वेषातून.

पहाटे पाच (पुणे)

चौथा डाउन, एक विचारू? एवढी बंदी आणायचीय ना त्या यादीवर. मग दर रविवारी ती आल्या आल्या सगळ्यात आधी इथे कोण टाकतं?

चौथा डाउन

मीच. निषेध म्हणून टाकतो.