पंप उघडल्यावर आत काय दिसलं? (इंपेलर-केसिंगची झीज : अनुभव धागा)

सेंट्रिफ्युगल पंप उघडला की बहुतेक ठिकाणी इंपेलर (आतलं फिरणारं, पाती असलेलं चाक) लगेच वायर ब्रशने घासतात, आणि निम्मा पुरावा तिथेच जातो. म्हणून हा धागा. खड्डे नेमके कुठे होते, हाताला कसे लागले, वर काय चिकटलं होतं आणि शेवटी कारण काय निघालं, ते सविस्तर लिहा. 'अॅसिडने खाल्लं' एवढ्यावर थांबू नका. झीज कुठे आहे ते न बघता महागडा धातू मागवणं म्हणजे पैसे पाण्यात, हे माझं ठाम मत आहे.

साखर कारखाना, मेंटेनन्स

आमच्या इंजेक्शन पंपाचा (कंडेन्सरला थंड पाणी देणारा पंप) इंपेलर दर हंगामात खड्ड्यांनी भरायचा. साखरेचा अंश स्प्रे पाँडमध्ये (पाणी फवारून थंड करायचं तळं) उतरला की पाणी आंबतं आणि त्याचा पीएच घसरतो, त्यामुळे सगळ्यांचा संशय आम्लावर. पण आम्लाने खाल्लं असतं तर केसिंगही (पंपाचं बाहेरचं कवच) सगळीकडून पातळ व्हायला हवं होतं. ते शाबूत होतं. खड्डे फक्त व्हेनच्या (इंपेलरच्या पात्याच्या) तोंडाशी, सक्शनकडून, म्हणजे पाणी आत येतं तिकडून, डोकावलं की दिसणाऱ्या कमी दाबाच्या बाजूला. खरखरीत, कोरलेले, कडा धारदार. चालू पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज यायचा तो वेगळाच. हे कॅव्हिटेशन. दाब कमी पडला की पाण्याचे वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढताच ते फुटतात आणि धातूचे कण उडवतात.

सक्शनला पाणी ढकलायला किती दाब उरतो याचा हिशोब मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०.३ मीटर पाण्याएवढा. देशावर ५५० मीटर उंचीला ९.७ च्या आसपास. पाणी ४० अंशाला गेलं की बाष्पदाबापोटी आणखी पाऊण मीटर जातो. त्यात स्ट्रेनर (सक्शनची गाळणी) भुश्शाने चोंदलेला. स्ट्रेनरची सफाई पाळीवर लावली, पाँडची पातळी वर ठेवली आणि आवाज गेला. इंपेलरचा धातू तोच आहे. पीएच मात्र आजही रोज बघतो, कारण ताज्या उघड्या पडलेल्या धातूवर आम्ल लवकर चढतं.

औष्णिक केंद्र, राखेचे पंप

आमच्याकडे खड्डे नाहीत, गुळगुळीत खोबणी. प्रवाहाच्या दिशेने ओढलेल्या, चकाकणाऱ्या, गंजाचा मागमूस नाही. सगळ्यात आधी जातं ते कटवॉटर (केसिंगमधली, बाहेर जाणारा प्रवाह वेगळा करणारी जीभ), मग व्हेनची बाहेरची टोकं. राखेची झीज वेगाच्या जवळपास घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून पुली बदलून आरपीएम उतरवणं हाच आम्हाला सगळ्यात लागू पडलेला उपाय. बारीक राखेला रबर लायनिंग छान टिकतं, पण क्लिंकरचा (राखेच्या घट्ट झालेल्या ढेकळाचा) एक धारदार तुकडा ते फाडतो. तिथे जास्त क्रोमचं पांढरं बीडच हवं.

आखाती देश, समुद्राच्या पाण्याचे पंप

बिडाचं केसिंग बाहेरून अगदी धड दिसतं, माप घेतलं तर जाडीही भरते. पण चाकूने खरवडून बघा. काळी, मऊ भुकटी निघाली तर लोखंड केव्हाच गेलंय, उरलाय तो ग्राफाइटचा सांगाडा. दाबाखाली असा भाग अचानक फुटतो, म्हणून ही तपासणी कुणी टाळू नये असं मला कळकळीने वाटतं.

आणखी एक. अशा ग्राफाइट झालेल्या केसिंगमध्ये नवा कांस्याचा इंपेलर बसवला तर तोच खाल्ला जायला लागतो, कारण ग्राफाइट कांस्यापेक्षा उदात्त, म्हणजे दोघं एकत्र पाण्यात असले की गंजतं ते कांसं. जुना इंपेलर वर्षानुवर्षं टिकला आणि नवा लगेच गेला की सगळे ढाळकाम करणाऱ्याला दोष देतात. आधी केसिंग खरवडा.

केमिकल प्लांट, कोकण

९८ टक्के सल्फ्युरिक अॅसिड बीड बऱ्यापैकी सहन करतं, सौम्य झालेलं अजिबात नाही. पंप बंद करून वरवर पाण्याने धुतला आणि आत थोडं अॅसिड राहिलं, की खरी खराबी त्या बंद काळात होते. खालच्या अर्ध्या भागातच, साचलेल्या पातळीच्या रेषेपर्यंत खाल्लेलं दिसलं तर चालू पंपात कारण शोधू नका.

पाणीपुरवठा योजना

साखर कारखान्यातल्या मित्रांना पुस्ती. खड्डे व्हेनच्या तोंडाशीच, पण उलट्या, जास्त दाबाच्या बाजूला असतील तर सक्शन बिघडलेलं नसतं. ही बाजू सरळ दिसत नाही, छोटा आरसा आत धरावा लागतो. आमचा पंप गरजेपेक्षा मोठा घेतलेला आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळून चालवलेला. इतक्या कमी प्रवाहात पाणी इंपेलरच्या तोंडाशी उलटं फिरतं आणि तिथेच भोवरे धातू खातात. सक्शन लाइन मोठी करायचा प्रस्ताव मंजूर होत आला होता; त्याने काहीच साधलं नसतं. इंपेलरचा व्यास कमी करून घेतला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, आता विजेचं बिलही उतरलंय.