गव्हांकुराचा रस: औषध की नुसतं हिरवं पाणी?

चिंचोके:
आईचं (वय 68) हिमोग्लोबिन जानेवारीत 9.1 होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, मावशीने गव्हांकुर सुचवले. सात कुंड्या केल्या. रोज एक पेरायची आणि आठव्या दिवशी पहिली कापायची. पाट्यावर वाटून फडक्यातून पिळलं की छोटी वाटीभर रस निघतो, तो अनशापोटी लगेच प्यायचा. एप्रिलचा रिपोर्ट 10.8! वहिनी म्हणते सगळी गोळ्यांची करामत. पण त्याच गोळ्या आई मागच्या वर्षीही घेत होती, तेव्हा काही फरक पडला नव्हता. रसाला श्रेय द्यायचं लोकांच्या एवढं जिवावर का येतं?

कोरडवाहू:
द्या की श्रेय, पण नेमकं कशाबद्दल? 'हिरवं रक्त' म्हणून जे खपवतात ना, त्यात तथ्य इतकंच की क्लोरोफिल (पानांतलं हरितद्रव्य) आणि हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) यांची रचना बरीच सारखी आहे. एकाच्या मधोमध मॅग्नेशियम, दुसऱ्याच्या मधोमध लोह. पोटात गेल्यावर मॅग्नेशियम काढून लोह बसवणारा सुतार आपल्याकडे नाही. मागच्या वर्षीपेक्षा यंदा दुसरं काय बदललं, ते आधी सांगा.

खलबत्ता:
@कोरडवाहू, सगळंच थोतांड नाही. चंडीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयात थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार, सारखं रक्त चढवावं लागतं) मुलांना रोज 100 मिली रस दिला होता, 2004 मध्ये निष्कर्ष छापून आले. 16 पैकी 8 मुलांची रक्त चढवण्याची गरज 25 टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाली. हे काय बागेबाहेरच्या रसवाल्याने सांगितलेलं नाही.

कोरडवाहू:
माहीत आहे. पण ती तुलना त्याच मुलांच्या आधीच्या वर्षाशी होती, रस न घेणारा वेगळा गट नव्हता. आणि थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवल्याने लोह उलट साठत जातं, ते काढायला औषधं द्यावी लागतात. चिंचोकेंच्या आईंचा प्रश्न याच्या बरोब्बर उलटा. तिथला दाखला इथे कसा लावणार?

खलबत्ता:
वेगळा गट हवा ना? घ्या. इस्रायल, 2002, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात तो आजार. निम्म्यांना खरा रस, निम्म्यांना तसाच दिसणारा खोटा, महिनाभर. खरा रस घेणाऱ्यांचं रक्त पडणं कमी झालं.

कोरडवाहू:
हा अभ्यास चांगला आहे, मान्य. पण रुग्ण जेमतेम दोन डझन. माझा राग रसावर नाहीच हो. बॉस्टनच्या अ‍ॅन विगमोर, ज्यांनी हे खूळ जगभर नेलं, त्यांच्यावर 1982 मध्ये खटला झाला. का, तर मधुमेह्यांची इन्सुलिनची गरज कमी होते, अगदी संपते, असा दावा. आमच्या नात्यातल्या एका काकांनी असंच ऐकून गोळ्या सोडल्या. पुढचं लिहीत नाही.

दसऱ्याचं_धान:
भांडा निवांत, पण गहू कुठला पेरताय ते बघा. कृषी सेवा केंद्रातल्या पिशवीतलं बियाणं गुलाबी-लाल दिसतं, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते पेरण्यासाठी, पिण्यासाठी नाही! दळणाचा साधा गहू घ्या, रात्रभर भिजवा, पाणी कुंडीत साचू देऊ नका. मुळाशी पांढरं लोकरीसारखं दिसलं तर अख्खी कुंडी फेका. रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको, त्यात के जीवनसत्त्व असतं. बाकी आमच्याकडे घटातलं धान दसऱ्याला टोपीत खोचतात. ते प्यावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं :)

चिंचोके:
@कोरडवाहू, काय बदललं म्हणून आईलाच विचारलं. तर म्हणे, रसानंतर तासभर काही घ्यायचं नाही असं मावशीने बजावलंय, म्हणून सकाळचा चहा गेला. मागच्या वर्षी ती लोहाची गोळी चहाबरोबरच गिळायची!

कोरडवाहू:
सापडला चोर. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलंच जात नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या. आणि या वयात हिमोग्लोबिन मुळात का उतरलं, पोटात कुठे रक्तस्राव नाही ना, ते तपासून घ्या. रस बंद केलात तरी काही बिघडणार नाही.

खलबत्ता:
म्हणजे चहा सुटला तो रसामुळेच ना? श्रेय कुणाचं?

चिंचोके:
तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. रस थांबवू का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "थांबव, आणि आधण ठेव." कुंड्या चालू ठेवल्यात.