चर्चा: बेकायदा मासेमारी बंदरात रोखता येईल का?

क्षितिज : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९५ साली जबाबदार मासेमारीची आचारसंहिता मंजूर केली, पण ती ऐच्छिक असल्यामुळे खोल समुद्रात मनमानी करणाऱ्यांना तिचा धाक वाटत नाही. माझ्या मते खरे बळ २०१६ साली अमलात आलेल्या बंदर-राज्य उपाययोजना करारात, म्हणजे ज्या देशाच्या बंदरात नौका येते त्याने करायच्या उपायांच्या करारात आहे. परदेशी नौकेला बंदरात शिरण्यापूर्वी आपला परवाना, पकडलेले मासे आणि भर समुद्रात दुसऱ्या जहाजावर माल चढवला असल्यास त्याचा तपशील कळवावा लागतो. संशय आल्यास तपासणी होते आणि पुरावा सापडल्यास माल उतरवण्याची किंवा इंधन भरण्याची परवानगी मिळत नाही. चोरीचा मासा विकताच आला नाही, तर तो पकडण्यात फायदा कसला?

अनुजा : मी सहमत नाही. हा पहारा चोरांसाठी आहे. पण परवाना घेतलेल्या नौकाच समुद्रातला माशांचा साठा संपवत असतील, तर बंदरावरचा अधिकारी काय करणार? ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेल माशाचे पाहा. एकूण किती मासे पकडावेत हे शास्त्रज्ञ दरवर्षी सांगतात, मात्र त्यात कोणाचा वाटा किती यावर युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड आणि फॅरो बेटे यांचे वर्षानुवर्षे जमले नाही. मग ज्याने त्याने आपला कोटा स्वतःच ठरवला आणि सगळ्यांची बेरीज शिफारशीच्या वर गेली. २०१९ साली या मासेमारीचे शाश्वततेचे प्रमाणपत्र स्थगित झाले, आणि हे सारे कागदोपत्री कायदेशीर होते. भांडण वाट्याचे आहे, ते तपासणीने मिटत नाही.

क्षितिज : वाट्याचा मुद्दा मान्य, पण नुसता कोटा कमी करूनही भागत नाही. अटलांटिकमधल्या ब्लूफिन ट्यूनाचा कोटा घटवला गेला, आणि त्याच्या जोडीला पकडलेल्या माशाचा बाजारापर्यंत माग ठेवणारी कागदपत्रे २००८ पासून सक्तीची झाली. साठा सावरला तो या दोन्हींमुळे.

मिहिर : तपासणीचा खर्च कोण उचलणार, हे आपण दोघांनीही सोडून दिले आहे. बंदर-राज्य करारात विकसनशील देशांना साहाय्य देण्याची तरतूद आहे. ते वेळेवर पोहोचले नाही, तर संशयित नौका ढिला कारभार असलेले शेजारचे बंदर गाठते आणि कडक देशाचे उत्पन्न तेवढे बुडते. अनुजाताई, वाट्याच्या भांडणावर तोडगा प्रशांत महासागरातल्या नाउरू करारातील छोट्या देशांनी दाखवला आहे. ते ट्यूना पकडणाऱ्या मोठ्या नौकांना मासेमारीचे दिवस विकतात, एकूण दिवसांवर मर्यादा ठेवतात, आणि त्यांच्या समुद्रातल्या माशाचे मोल त्यांच्याच तिजोरीत जमा होते.