ब्रूस बीच: परत देतानाही नजराणा घ्यायचा का?

अनवाणी

रविवारी जेवणानंतर आमच्याकडे या विषयावरून चांगलंच वाजलं. मेहुणा म्हणाला, "सरकारी किनाऱ्यावरची जागा खासगी माणसाच्या नावावर, शर्त रद्द, वर कर माफ. हेच अलिबागला झालं असतं तर तू पहिला बोंब मारली असतीस." तेव्हा धड उत्तर सुचलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला मॅनहॅटन बीच नावाचं छोटं शहर आहे. तिथे १९१२ साली विला ब्रूस या कृष्णवर्णीय बाईने समुद्राला लागून एक प्लॉट १,२२५ डॉलरना घेतला. नवरा चार्ल्स रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये आचारी, धंदा सगळा बाईच्या हातात. खाणं, पोहायचे कपडे भाड्याने, कपडे बदलायला तंबू, पुढे नाचाचा हॉल. काळ्या लोकांना समुद्रात उतरायला दुसरीकडे फारशी जागा देत नव्हते, त्यामुळे गाड्या भरभरून माणसं यायची. १९२० मध्ये शेजारचा प्लॉटही घेतला.

शेजाऱ्यांना ते खुपलं. समोरच्या वाळूचा मालक जॉर्ज पेक. त्याने दोरी बांधून पाट्या लावल्या, म्हणजे दहा पावलांवरच्या पाण्यात जायला अर्धा मैल वळसा. तरी माणसं येतच राहिली. मग १९२४ मध्ये नगरपालिकेने बाग करायची म्हणून ब्रूस आणि आणखी चार कृष्णवर्णीय कुटुंबांचे प्लॉट, आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटांसह, सक्तीने संपादन करायला काढले. ब्रूस दांपत्याने १,२०,००० डॉलर मागितले, १९२९ मध्ये हातात १४,५०० पडले. आणि बाग? ती व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली.

ब्रूस यांचे दोन प्लॉट १९४८ मध्ये कॅलिफोर्निया राज्याकडे आणि १९९५ मध्ये राज्याकडून लॉस एंजेलिस काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे, गेले. देताना राज्याने अट घातली होती: वापर सार्वजनिकच हवा, विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. त्यामुळे काउंटीला परत करावंसं वाटलं तरी हात बांधलेले. ते सोडवायला राज्याचे सिनेटर स्टीव्हन ब्रॅडफर्ड यांनी सिनेट विधेयक ७९६ आणलं. दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत पडलं नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला गव्हर्नर न्यूसम यांनी तिथेच, त्या जागेवर सही केली. अट उठली, हस्तांतरणावरचे करही उठले. जुलै २०२२ मध्ये जमिनीचं खत ब्रूस यांच्या पणतू मंडळींच्या नावे झालं.

माझं म्हणणं एवढंच: कर असतो व्यवहारावर. नेलेली वस्तू आणून ठेवणं हा व्यवहार नव्हे. माझी सायकल कुणी नेली आणि पंधरा वर्षांनी परत आणून देताना म्हणाला, "नावावर करायची फी भर", तर मी त्याला चहा विचारेन का?

---

सरळमार्गी

सायकल छान आहे, पण समुद्रकिनारा सायकल नव्हे.

तुम्ही ज्याला 'अट' म्हणून झटकलंत ती आली कशासाठी? उद्या काउंटीच्या डोक्यात यायला नको की एखाद्या हॉटेलवाल्याला तुकडा देऊन तिजोरी भरावी. खतातली अट म्हणजे कुंपणाची तार. एका चांगल्या माणसाला आत घ्यायला तार कापली, तरी ती कापलेलीच राहते. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतच सार्वजनिक मालमत्ता खिरापतीसारखी वाटायला बंदी आहे. तिथल्या एका नागरिकाने त्याच मुद्द्यावर दावाही लावला होता.

अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. भरपाई रोख द्यायची. जमिनीला हात कशाला?

---

अनवाणी

दावा लावला होता आणि एप्रिल २०२२ मध्ये काउंटीच्या बाजूने निकालही लागला, तेही सांगा की. सरकारने स्वतः केलेला वंशभेद निस्तरणं हेच सार्वजनिक काम आहे, ती खिरापत नव्हे, असा त्याचा आशय. आणि तार सगळीकडची कापलेली नाही. कायदा त्या एवढ्याशा जागेपुरताच आहे. बाकी किनाऱ्याच्या अटी जागच्या जागी आहेत.

---

निवृत्त अव्वल कारकून

महसुलात तीस वर्षं काढली म्हणून दोन ओळी.

आपल्याकडे हे रोजचं आहे, फक्त कुणी 'बीच' म्हणत नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं (गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या जमिनी) गेली, त्यांत महार वतनही आलं. जमिनी त्याच वतनदारांना परत दिल्या, पण नवीन अविभाज्य शर्तीवर. म्हणजे भोगवटादार वर्ग २. विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम. शेतीबाहेरच्या वापरासाठी असेल तर बाजारभावाच्या निम्मा.

शर्तीचा हेतू वाईट नव्हता. गरिबाची जमीन सावकाराने दोन बाटल्यांत लिहून घेऊ नये म्हणून ती होती. पण टेबलामागून मी काय पाहिलं? म्हातारी सातबारा घेऊन यायची, त्यावर तो शर्तीचा शेरा, आणि विचारायची, "साहेब, माझ्या सासऱ्याची जमीन, मग निम्मे पैसे सरकारला का?" मी नियम वाचून दाखवायचो. तिला नियम कळायचा. 'का' ते मी कधीच सांगू शकलो नाही.

तेव्हा कर माफ केला ते उत्तम झालं. शर्तीबाबत मात्र मी सरळमार्गींच्या बाजूला झुकतो. शर्त उठली की पहिला फायदा मूळ मालकाला क्वचितच होतो. आधीच साठेखत (विक्रीचा करार) करून बसलेला एजंट गेटाबाहेर उभा असतो.

---

चक्रवाढ

मी आपला आकडेमोडीचा माणूस. जानेवारी २०२३ मध्ये कुटुंबाने ही जागा काउंटीलाच जवळजवळ २ कोटी डॉलरना विकायचं ठरवलं, हे इथे अजून कुणी बोललंच नाही. धाग्याचा अर्धा जीव त्यात आहे.

आता गंमत बघा. १९२९ चे १४,५०० डॉलर दरसाल ८ टक्के चक्रवाढीने २०२३ पर्यंत ठेवले तर साधारण २ कोटी १ लाख होतात. कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. म्हणजे त्यांना तेव्हाच पैसे मिळालेले होते, ते नीट गुंतवले असते तर आज तेवढेच झाले असते. मग हा सगळा सोहळा कशासाठी?

(६ टक्के धरलं तर जेमतेम ३५ लाख. दराचा खेळ आहे, मान्य.)

---

अनवाणी

चक्रवाढशेठ, तुमच्याच मशीनमध्ये १४,५०० ऐवजी त्यांनी मागितलेले १,२०,००० घाला. ८ टक्क्यांनी साडेसोळा कोटींच्या वर जातं. धंदा चालू राहिला असता तर काय झालं असतं ते वेगळंच. ८ टक्के चक्रवाढ मिळायला घर शाबूत लागतं. ते दोघं तिथून उठून लॉस एंजेलिसमध्ये दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबले.

---

टॉरन्सची मीरा

मी तिथून वीस मिनिटांवर राहते, आठवड्याआड मुलांना घेऊन जाते. त्यामुळे 'किनारा खासगी झाला' हे वाचून हसू आलं.

जागा कशी आहे ते सांगते. वर हायलंड अव्हेन्यूपासून हिरवळ पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येते. तिला ब्रूस बीच म्हणतात, पण ती शहराची बाग आहे. ब्रूस यांचे खरे दोन प्लॉट अगदी खाली, चालायच्या रस्त्याला लागून. तिथे जीवरक्षकांचं मुख्यालय आणि त्याचं पार्किंग आहे. त्यापुढे वाळू. वाळू कुणाच्याच नावावर झालेली नाही. खत झालं त्या दिवशी सकाळी जे टॉवेल टाकून पडले होते ते संध्याकाळीही तिथेच पडलेले असणार.

बागेत पूर्वी एक फलक होता. त्यावर श्रेय कुणाला दिलं होतं माहितीये? जॉर्ज पेकला. त्याच्यामुळे ब्रूस बीच उभा राहू शकला, अशा अर्थाचा मजकूर. दोरीवाल्या पेकला! हा फलक २००७ मधला, जुना काळ वगैरे नव्हे.

आणि 'मग विकली कशाला' यावर: खतातली अट राज्याने उठवली, पण झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेचा काय वापर करायचा ते, शहराच्या हातात. ते सार्वजनिक वापराचंच राहिलं. वारसांना तिथे हॉटेल सोडा, साधं चहाचं दुकान टाकायचं तरी नगरपालिकेच्या दारात जावं लागलं असतं, म्हणजे ज्यांनी काढून घेतली त्यांच्याच. हस्तांतराच्या वेळी काउंटीने ती जागा वर्षाला ४,१३,००० डॉलर भाड्याने परत घेतली होती आणि २ कोटींपर्यंत विकायचा पर्याय करारातच होता. त्यांनी तो वापरला. मीही वापरला असता.

---

सरळमार्गी

मीराताई, आभार, पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. शेवटी काय झालं? जागा सरकारकडेच आली, कुटुंबाला पैसे मिळाले. मी पहिल्या प्रतिसादात हेच म्हणत होतो: रोख द्या. त्यासाठी कायदा बदला, अट उठवा, कर माफ करा, समारंभ करा, एवढा फेरा कशाला?

---

उरणकर

फेरा कशाला ते मी सांगतो.

आमची खाजण आणि भातशेती नवी मुंबईच्या संपादनात गेली. आजोबांनी मोर्चे काढले, दि. बा. पाटलांच्या मागे चालले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के आलं. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट. आमची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर इतकी वर्षं फिरली की बाबांनी कंटाळून प्लॉट पडायच्या आधीच फाईल विकली. लोक म्हणतात, "आगऱ्यांनी जमिनी विकल्या आणि गाड्या उडवल्या." आम्ही जमीन कधी विकली? आमच्या हातात कागद होता, तो विकला.

पण विकायच्या आधी तो बाबांच्या नावावर होता. समोरच्याने आकडा सांगितला, बाबांनी नाही म्हटलं, आठ दिवसांनी पुन्हा आला तेव्हा वाढवून आला. थेट नुकसानभरपाई मिळते तेव्हा आकडा सरकार ठरवतं आणि तुम्ही अंगठा देता. ब्रूसच्या पणतवंडांना आधी मालक केलं, मग ते विकणारे झाले. सरळमार्गी साहेब, फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

---

निवृत्त अव्वल कारकून

उरणकर, पटलं. माझा एजंटाचा मुद्दा तुमच्या फाईलला लागू होतो, ब्रूसला नाही. तिथे घेणारी काउंटीच होती.

---

दासगावचा

सन वाचता वाचता थांबलो. १९२४ मध्ये मॅनहॅटन बीचची नगरपालिका जमीन काढून घ्यायचा ठराव करते. त्याच वर्षी महाडची नगरपालिका चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव करते, आणि तो कागदावरच राहतो. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब तळ्याचं पाणी पितात. त्याच वर्षी जुलैमध्ये तिकडे नागरी हक्कांची चळवळ करणारे कृष्णवर्णीय लोक मुद्दाम त्या समुद्रात उतरतात आणि अटक करून घेतात. ऑगस्टमध्ये महाडची नगरपालिका आपला ठराव मागे घेते. एकमेकांची नावंही माहीत नसलेली दोन गावं.

पाण्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही, यासाठी दोन्हीकडे नगरपालिकाच कामाला लागते. मॅनहॅटन बीचने तर समोरचा किनारा एका खासगी माणसाला वर्षाला १ डॉलर भाड्याने दिला होता, म्हणजे कुणी उतरलं की अतिक्रमण म्हणून पकडता यावं. सार्वजनिक जागेचं पावित्र्य तेव्हा कुणाला आठवलं नाही.

---

सरळमार्गी

एक डॉलरचं माहीत नव्हतं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण महाडची तुलना जपून. तळं सार्वजनिक होतं आणि मागणी ते सगळ्यांना खुलं करायची होती, कुणाच्या नावावर करायची नव्हती. हायकोर्टाचा १९३७ चा निकालही त्याच बाजूने लागला. ब्रूसचं प्रकरण खासगी मालकीचं आहे. दोन्ही न्यायाचे प्रश्न, पण एक नव्हेत. उलट महाडच्या बाजूने पाहिलं तर माझाच मुद्दा पक्का होतो: सार्वजनिक ते सार्वजनिक राहू द्या.

---

दासगावचा

तुलना मालकीची नव्हतीच, नगरपालिकेच्या वागण्याची होती. पण तुमचा फरक बरोबर आहे. तिकडे दोन्ही झालं होतं: वाळूवरचा हक्क नाकारला आणि घरही नेलं. ओरड झाल्यावर तो एक डॉलरचा करार रद्द करावा लागला, वाळू सगळ्यांना खुली झाली. १९२१ सालच्या भाषेत महाडचा प्रश्न त्यांच्याकडे १९२७ मध्येच सुटला म्हणा. (१९२७ च्या भाषेत म्हणायचं होतं, मोबाईलवरून लिहितोय.) उरला तो घराचा. त्याला चौऱ्याण्णव वर्षं लागली.

---

चक्रवाढ

मी माझं 'सोहळा कशासाठी' मागे घेतो. आकडे मागे घेत नाही.

एक शंका मात्र आहे. अनवाणींनी सुरुवातीला 'आणखी चार कुटुंबं' लिहिलंय. त्यांचं काय झालं? त्यांनाही ८ टक्के?

---

टॉरन्सची मीरा

त्यांना काहीच नाही. ब्रूस यांचे प्लॉट राज्याकडून फिरत फिरत काउंटीकडे आले आणि काउंटी द्यायला तयार होती, म्हणून कायदा त्यांच्यापुरता झाला. बाकीच्यांचे प्लॉट शहराकडेच राहिले, ते वरच्या हिरवळीखाली आहेत. शहराने २०२१ मध्ये औपचारिक माफी मागायलाही नकार दिला होता. घडलं त्याची नोंद आणि निषेध, एवढ्यावर भागवलं.

---

सरळमार्गी

म्हणजे न्याय मिळाला तो सातबारा कुणाच्या टेबलावर होता त्यावर. हे तर आणखी वाईट. मग सगळ्यांसाठी एक नियम करा ना, एकासाठी खास कायदा कशाला?

---

अनवाणी

या एका वाक्यावर तुमच्याशी भांडण नाही. मेहुण्याला धागा पाठवला होता. त्यानेही सगळं सोडून चार घरांचंच विचारलं, आणि पुढच्या रविवारी मटण तो आणणार आहे.