मदत हवी आहे : सेलर मूनचं जुनं आर्टबुक घेऊ का?

मंडळी, नाओको ताकेउची यांच्या 'सेलर मून' या जपानी चित्रकथेच्या मूळ चित्रांचं पुस्तक, ज्याला जपानी लोक 'गेंगाशू' म्हणतात, जपानमधून जुनं मागवतेय. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने १९९४ पासून काढलेल्या पाच भागांपैकी पहिला. कथेतल्या उसागी, आमी, रेई या मुली... त्यांच्या केसांवरचे, रिबिनींवरचे ते फिकट रंग मोबाइलवर बघून मन भरत नाही हो!

विक्रेता 'पहिली छपाई' म्हणतोय, पण फोटो नुसते मुखपृष्ठाचे. मागच्या माहितीपानाचा, म्हणजे 'ओकुझुके'चा, फोटो मागितलाय. त्यावरून छपाई कितवी ते कसं ओळखायचं? इथे कुणाला जपानी वाचता येतं का? वरची कागदी पट्टी, ती 'ओबी', नाहीये. मग भाव किती पाडून मागू? आणि भर पावसात टपालाने मागवू, की दिवाळीपर्यंत दम धरू?