मदत हवी आहे: १३ ते १७ वयाच्या पोरांचं तीन दिवसांचं शिबीर, तेही पोरांनीच चालवायचं

सलाम, नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवा प्लीज.

मी चिपळूणच्या बाजूची, खाडीकाठचं गाव, सध्या पुण्यात शिकते. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक तरी माणूस आखातात, त्यामुळे घरी आई, दादी आणि पोरं. गेल्या मेमध्ये मोठ्यांनी या पोरांसाठी एक दिवसाचं दीनी शिबीर ठेवलं होतं. सकाळी नऊपासून असरपर्यंत (दुपार उतरतानाची नमाज) चार बयानं (धार्मिक भाषणं), चारही एकदम जड उर्दूत. आता आमची पोरं घरात कोकणी बोलतात, शाळेत मराठी नाहीतर इंग्लिश, बयानातलं अर्धं डोक्यावरून जातं. दुपारी मी पाण्याचा जार घेऊन गेले तर मागच्या तीन रांगा रिकाम्या! सगळी टोळी वजूखान्यामागे (नमाजाआधी हातपाय धुण्याची जागा) फणसाखाली. मला वाटलं गेम खेळत असतील, काही खेळतही होती, पण चौघं-पाचजण वेगळंच बोलत होती. एकजण विचारत होता, नमाजात तुझं लक्ष लागतं का रे, मला तर सजद्यात गेलो (कपाळ टेकलं) की क्रिकेटच आठवतं. दुसरा सांगत होता की वर्गात कोणीतरी त्याला पाकिस्तानवरून बोललं, तो हसला आणि घरी येऊन जेवलाच नाही, आईला सांगितलं पोट दुखतंय. मला बघून गप्प झाली. हे माईकवर कोण विचारणार?

तर यंदा आम्ही पाचजणं (१८ ते २२ वयाची) आणि सात पोरंपोरी (१५ ते १७) मिळून निवासी शिबीर करायचं म्हणतोय. ८, ९, १० मे २०२६, शुक्रवार ते रविवार. रमजान आणि दहावीचे पेपर या वर्षी एकमेकांच्या अंगावर आले होते ते संपलेत, बकरीद २७-२८ मेच्या सुमाराला आहे, त्याच्या आधी चाकरमानी आलेले असतात, म्हणजे मुंबईची भावंडंही मिळतील. साधारण ४० जण, २५ मुलगे आणि १५ मुली. जागा म्हणजे एका नातेवाइकांची आंब्याची बाग, त्यात एक बंद घर आणि एक पडवी. विषय पोरांनीच वहीत लिहून दिलेत, जसेच्या तसे देते: राग, मोबाईल, आईशी भांडण, नमाजात लक्ष, शाळेतले टोमणे, अब्बा दोन वर्षांनी येतात तेव्हा काय बोलायचं, दहावीनंतर काय, जिन्न खरे असतात का.

आता अडचणी. सदर चाचा (मोहल्ल्याचे अध्यक्ष) म्हणतात पोरांच्या हातात कार्यक्रम दिला तर तमाशा होईल. मौलाना तसे चांगले आहेत पण त्यांचा प्रश्न रास्त आहे, की एखाद्या पोराने चुकीचा मसला (धर्माचा नियम) सांगितला तर जबाबदार कोण. मुलींच्या घरून रात्रीच्या मुक्कामाला साफ नकार येतोय. आणि चौथी म्हणजे असरची. आम्ही कोकणी शाफई, पण मुंबईहून येणाऱ्यांत काही हनफी घरातली आहेत (नमाजाचे नियम सांगणारे हे दोन वेगळे पंथ, असरची वेळ दोघांची वेगळी), गेल्या वर्षी ऐन वेळी "अजून वक्त झाला नाही" वरून दोन पोरांची जुंपली होती. कोणी असलं काही केलंय का? मुस्लिमच असायला पाहिजे असं नाही, शिबीर चालवलेलं कोणीही सांगा.

प्रतिसाद १

मी मुस्लिम नाही, पण सेवादलाची आणि एनएसएसची शिबिरं आयुष्यभर केली. पोरी, एक सांगतो, पोरांना फक्त सूत्रसंचालन आणि सतरंज्या दिल्यात तर त्यांना पहिल्या तासात कळतं की हे नाटक आहे. त्यांच्या हातात पैसे द्या. खरंच सांगतोय, किराण्याचं बजेट त्यांच्याकडे द्या, कमी पडलं तर पडू दे, तिसऱ्या दिवशी नुसती पेज पिऊ द्या. आठ-आठचे पाच गट करा, प्रत्येकाला तुमच्या सातांपैकी एक म्होरक्या, उरलेल्या दोघांकडे किराणा आणि घड्याळ. गट एकत्र जेवेल, एकत्र भांडी घासेल, एकत्र बसून बोलेल. भांडी घासताना जेवढं बोलणं होतं तेवढं गोल करून बसवल्यावर होत नाही हा माझा तीस वर्षांचा अनुभव. आणि दुपारी दोन तास मोकळे ठेवा, काहीही घुसडू नका त्यात.

प्रतिसाद २

वालेकुम सलाम. मी मूळची म्हसळ्याची, आता न्यू जर्सीत. इकडे मुस्लिम यूथ ऑफ नॉर्थ अमेरिका म्हणून संस्था आहे, थोडक्यात MYNA, १९८५ सालची, त्यांचे कॅम्प पोरंच चालवतात. माझी मुलगी चौदाची असताना मारूनमुटकून पाठवली होती, गाडीत बसून रडत गेली. परत आली तेव्हा घसा बसलेला आणि पुढच्या वर्षीची तारीख विचारत होती. तिला बयान कुठलं आठवत नाही, पण तिच्या खोलीतली एकोणीस वर्षांची मुलगी फजरला (पहाटेच्या नमाजाला) उठवताना "मलापण झोप येतेय गं" म्हणाली एवढं आठवतं.

तुमच्या मौलानांच्या मुद्द्यावर: पोरांनी दहा मिनिटांचं जे बोलायचं ते आधी लिहायचं आणि आठवडाभर आधी मौलानांसमोर तालीम करायची. मग जबाबदारी वाटली जाते आणि त्यांनाही वाटतं आपल्याला विचारलं. स्टेजवर हलाल-हरामचा प्रश्न आला तर पोराने सरळ म्हणायचं, मला माहीत नाही, मौलानांना विचारू. हे वाक्य आधी पाठ करून घ्या, आपल्या मोठ्यांनाही जमत नाही ते. आणि चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, नाव न लिहिता. रात्री मौलानांकडे द्यायचा, सकाळी उत्तरं, तीही उर्दूत नको, कोकणीत सांगा म्हणावं.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप कशाला, पोरांना तीन दिवस जमातीत (गावोगाव फिरणाऱ्या धर्मप्रचाराच्या गटात) पाठवा. खर्च पण नाही.

धागाकर्ती

@प्रतिसाद ३, भाऊ जातोच आमचा, चांगलं आहे ते. पण पंधरा वर्षांच्या मुलींना एकटं कोणत्या जमातीत पाठवू सांगा.

प्रतिसाद ४

भूगोलाचा मास्तर आहे, असरचं माझ्यावर सोपवा. तुमच्या तारखा बघून उडालोच! १० मेच्या आसपास चिपळूणला शून्य सावली असते, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर. अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवा. साडेबाराला तिची सावली गायब झालेली पोरांना दाखवा, ओरडतील. मग खडूने दर पंधरा मिनिटांनी सावलीचं टोक आखत राहायचं. सावली एक मीटर झाली की शाफईंचा असरचा वक्त सुरू, ते तीन-चाळीसच्या आसपास होईल. दोन मीटर झाली की हनफींचा, ते पाचच्या सुमाराला. दोन्ही गटांनी काठी एकच वापरली हे डोळ्यांनी दिसलं की भांडायला काय उरतं? तसं पाचनंतर सगळ्यांनी मिळून पढलात तरी चालतं ना, तुमच्या मौलानांना विचारून घ्या.

दुसरं, मास्तर म्हणून बोलतो, राग मानू नका. समुद्रावर आणि खाडीत कोणालाही उतरू देऊ नका, फोटोपुरतंसुद्धा नाही. २०१६च्या १ फेब्रुवारीला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या कॉलेजची सहल आली होती, दहाच्या वर मुलं बुडाली. पोहता येतं म्हणणारी पोरं पहिली जातात. पालकांची लेखी परवानगी, दमा-फिट-ॲलर्जीची यादी, जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर, पोलीस ठाण्यात एक पत्र आणि कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नाही. हा शेवटचा नियम मौलानांना, तुम्हाला आणि मलाही लागू.

प्रतिसाद ५

मी आई आहे, माझी १४ वर्षांची आहे, मीच नकार देणाऱ्यातली समज. मला काय लागेल सांगते. मुलींचं झोपायचं घर वेगळं, त्याला आतून कडी, संडास त्याच घरात (रात्री बागेत टॉर्च घेऊन फिरणं नको), आणि आमच्यातल्या तिघीचौघी आया मुक्कामाला. आम्ही तुमच्या सेशनात बसणार नाही, वचन देते, आम्ही चुलीपाशी. तसंही चाळीस जणांचा भात पोरांनी शिजवला तर अर्धा लागेल आणि अर्धा कच्चा राहील. आणि तू परवानगी मागायला व्हॉट्सॲपवर मेसेज टाकलास का? घरी जा बाय, चहा पी, मग विचार.

धागाकर्ती (आठवड्यानंतर)

सगळ्यांना थँक्यू, खरंच. या शनिवार-रविवारी गावी जाऊन आले. प्रतिसाद ५ मधल्या ताईंचं ऐकून अकरा घरी गेले, अकरा चहा प्यायले, पित्ताने मेले, पण नऊ मुली नक्की झाल्या. त्यातल्या चौघींच्या आया येतायत. एक दादी पण येते म्हणाली, तिला कोणी बोलावलं नव्हतं.

मौलाना तालमीला तयार झाले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: जुम्मा (शुक्रवार दुपारची सामूहिक नमाज) बागेत नको, गावच्या मशिदीतच, कारण शाफई मसल्याप्रमाणे जुम्म्याला तिथलेच राहणारे चाळीस जण लागतात. आणि इमामतीला (पुढे उभं राहून नमाज पढवायला) बालिग, म्हणजे वयात आलेला, मुलगाच उभा करा, म्हणजे हनफी पोरांचीही अडचण नाही. काठीचं ऐकून ते स्वतःच ओळंबा आणतो म्हणाले. पाचला एकत्र पढायला त्यांची ना नाही, पण त्यांचं म्हणणं ज्याने त्याने आपल्या वक्ताला पढावं, भांडू नये. ते पोरंच ठरवतील.

पहिली तालीम पण झाली. माझ्या भावाला बांग द्यायला लावली, त्याचा आवाज सध्या फुटलाय, "हय्या अलस्सलाह"ला असा काही चिरकला की सगळे खो खो हसायला लागले, मौलानासुद्धा तोंड फिरवून. तो लालबुंद. मला वाटलं झालं, आता हा येणार नाही. तर मागून तो सजद्यात क्रिकेट आठवणारा उठला आणि म्हणाला, माझा तर याहून भंगार आहे, मी देऊ? आणि दिली की. आता दोघांत वाटून घेतलंय, फजर एकाची, मगरीब (सूर्यास्ताची) दुसऱ्याची.

सदर चाचा अजून हो नाही म्हणालेत, पण बागेतलं विहिरीचं पाणी मेमध्ये पुरणार नाही, टँकर लागेल, हे त्यांनीच सांगितलं, आणि कोणाचा टँकर स्वस्त तेही.

आता दोनच गोष्टी हव्यात. चिपळूण-खेड भागात कोणाकडे मोठी ताडपत्री (निदान वीस बाय तीस फूट) तीन दिवसांसाठी मिळेल का? आणि किराण्याचं बजेट पोरांच्या हाती द्यायचं तर चाळीस पोरं आणि आठ-दहा मोठी, सहा वेळचं जेवण, तांदूळ किती किलो धरायचा? पोरांनी हिशेब करून पंधरा किलो लिहिलंय, मला हसू येतंय पण बोलले नाहीये अजून.