वाड्यावर सहा कुलपं: गोवा भायल्यांनी भरला की आपण रिकामा केला?

साखळीकर

चवथीला गावी गेलो होतो. डिचोली तालुका, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आमच्या वाड्यावर चौदा घरं, त्यातली सहा वर्षभर बंद. चवथीचे पाच दिवस उघडतात, मग पुन्हा कुलूप.

यंदा गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची माटोळीची चौकट चढवायला माणूस मिळेना. मी छप्पन वर्षांचा, आणि शिडीवर चढू शकणाऱ्यांत मीच सगळ्यांत तरुण! शेवटी पलीकडे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या गदगच्या पोराला हाक मारली. फरशा बसवायचं काम करतो तो. चटकन चढला, आंबाडे, तवशी, सुपारीचे घड सगळं नीट बांधलं आणि वरूनच विचारलं, "काका, हे खायचं असतं की नुसतं टांगायचं?"

त्याच संध्याकाळी सोप्यावर विषय निघाला की भायल्यांनी, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी, गोवा खाल्ला. बोलणारे कोण, तर पाच दिवसांच्या रजेवर आलेले एक पुण्याचे, एक दुबईचे, एक बोरिवलीचे.

आता आकडे. १९०० साली गोव्यात ४,७५,५१३ माणसं होती, १९६० साली ५,८९,९९७. साठ वर्षांत सव्वा लाखही वाढली नाहीत. १९४० ते १९५० या दहा वर्षांत तर जेमतेम साडेसहा हजार. पाळणे हलत नव्हते असं नाही, पण पोरगा मिसरूड फुटलं की मुंबई किंवा आफ्रिका गाठायचा. मुक्तीनंतर चित्र पालटलं. १९७१ ला ७,९५,१२०, आणि २०११ ला १४,५८,५४५. हा भाग सगळ्यांना पाठ असतो. पुढचा कुणी बोलत नाही. २००१ ते २०११ मध्ये देश १७ टक्क्यांच्या वर वाढला, गोवा ८.२३ टक्के. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यात बाईमागे मुलं १.३. पिढीच्या जागी पिढी उभी राहायला २.१ लागतात.

माझं म्हणणं सरळ आहे. माझा वाडा गदगच्या पोराने रिकामा केला नाही. आपण मुलं थोडी केली आणि जी केली ती बाहेर धाडली. सरकारला काही करायचंच असेल तर सिक्कीमने दुसऱ्या मुलासाठी कर्मचाऱ्यांना वेतनवाढ देऊ केली तसं काही करावं. भायल्यांच्या नावाने बोटं मोडून वाड्यावर पाळणा हलणार नाही.

खाजनराखण

माटोळीची गोष्ट गोड आहे, पण तिच्या आडून मूळ दुखणं झाकलंत.

गदगच्या पोराशी माझं भांडण नाही. तो खोलीत राहतो, घाम गाळतो. माझं भांडण आहे ते डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या घरांशी, जिथे मालक वर्षातून तीन आठवडे येतो आणि पोहण्याच्या तलावाला पाणी मात्र बारा महिने लागतं. तुम्ही लोकसंख्येचं धोरण म्हटलं की पाळणा आणि वेतनवाढ एवढंच बघता. इथे लोकसंख्या बदलते ती नगरनियोजन खात्यात. नगरनियोजन कायद्याचं कलम १७(२) म्हणा, ३९अ म्हणा, एका सहीने भाताची जमीन वस्तीची होते आणि पाच वर्षांत गावाची माणसं दुप्पट. तिथे ना कुणी जन्मलं, ना कुणी मेलं.

आणि मतं? विधानसभेचे चाळीस मतदारसंघ, एकेकात साधारण २९ हजार मतदार. २०२२ ला सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी फिरली. दोन इमारतींत तेवढे मतदार मावतात. छोट्या राज्याची भीती छोटी नसते, साखळीकर.

बायणाकर

खाजनराखण, सांत आंद्रेत त्या ७६ मतांनी जिंकला तो पक्ष कुठला हेही लिहा की! रिव्होल्युशनरी गोवन्स, मूळ गोवेकर कोण ते ठरवायला मुक्तीआधीचं मूळ दाखवा म्हणणारं पोगो विधेयक घेऊन फिरणारा. म्हणजे त्या ७६ मतांनी भायल्यांचं भलं झालेलं नाही.

खाजनराखण

मान्य. पण मुद्दा फरकाच्या लहानपणाचा होता, कोण जिंकला याचा नव्हता.

आकडेमोड

दोघांनाही जरा थांबवतो. "भायला" हा शब्द वापरण्याआधी जनगणना तो कसा मोजते ते बघा.

जन्म एका ठिकाणी, मोजणी दुसरीकडे, की माणूस स्थलांतरित. माझी आई वेंगुर्ल्याची. १९७४ ला लग्न होऊन म्हापशाला आली. पन्नास वर्षं शुक्रवारच्या बाजारात तिच्याइतकी घासाघीस कुणी केली नसेल. सरकारी तक्त्यात ती परराज्यात जन्मलेली. देशभर बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यांत मोठं कारण लग्नच आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण, सीमेवरच्या कुठल्याही घरात सावंतवाडीची, दोडामार्गची नाहीतर कारवारची सून निघेल. "गोव्यात इतके टक्के बाहेरचे" असा आकडा कुणी फेकला की आधी विचारा, त्यात माझी आई धरली का?

जन्माचंही तसंच. नोंद बाळंतपण जिथे झालं तिथे होते. दोडामार्गची बाई बांबोळीच्या सरकारी इस्पितळात बाळंत झाली तर ते बाळ गोव्याच्या रजिस्टरात जन्मतं आणि बारशाला सीमेच्या पलीकडे असतं.

मोजणीचा महिनाही बघा. गेल्या खेपेला ती फेब्रुवारीत झाली, पुढचीही १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे. मालिम जेटीवरचे ओडिशा-झारखंडचे खलाशी तेव्हा इथेच असतात. १ जूनला मासेमारी बंद झाली की ते गावी जातात. मोजणी पावसाळ्यात ठेवली तर गोवा थोडा बारीक दिसेल, आणि खाजनराखण यांना बरं वाटेल.

एक गोष्ट मात्र साखळीकर निसटती सोडतात. १.३ म्हटलं की उद्यापासून माणसं कमी होत नाहीत. आज ज्या बाया तिशीत आहेत त्या जास्त जन्मांच्या काळातल्या, त्यांची संख्या मोठी, म्हणून मुलं थोडी होऊनही पाळणे काही वर्षं हलत राहतात. शिवाय येणारे बहुतेक तरुण, त्यामुळे जन्म वाढतात आणि मृत्युदर कमी दिसतो. जाणारेही तरुणच, मागे उरतात ते म्हातारे. साठीच्या वरचे २०११ लाच इथे ११.२ टक्के होते, पुढे फक्त केरळ. येणारे नसते तर हा आकडा आणखी चढला असता.

बायणाकर

बाबा बेळगावजवळच्या एका खेड्यातून १९८१ ला वास्कोला आले, बंदरावर हमाली केली. मी इथे जन्मलो, मराठी शाळेत शिकलो, कोंकणी मित्रांकडून उचलली. मुलाच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो, सगळे कागद बरोबर. खिडकीतल्या बाईंनी आडनाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "मूळचे कुठले?" म्हटलं, वास्को. "ते दिसतंय हो, मूळचे?"

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्यालाही हेच विचारणार का? सरकारी नोकरीला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला चालतो. माणसांना किती वर्षांचा लागतो तेवढं कुणीतरी सांगा.

फोंड्याची सून

इतका वेळ वाचत होते. पाळण्यावर एवढं बोलणं झालं, आणि तो हलवणारी अजून धाग्यावर आली नव्हती.

साखळीकर काका, वेतनवाढीने मूल होत नाही. मी फोंड्याहून रोज वेर्ण्याला जाते. सकाळी सातला घर सोडते, संध्याकाळी सातला परत. मुलगी सासूबाईंकडे. त्यांचे गुडघे गेलेत, ती धावली की त्या खुर्चीतूनच ओरडतात. दुसरं झालं तर ते कुणी धरायचं? औद्योगिक वसाहतीत कारखाने आहेत, कँटीन आहे, दुचाक्यांना पत्रा घातलाय. मला जमेल असं पाळणाघर मात्र मला आजवर सापडलं नाही.

आणि सरकार पैसे देतं ते कुठे? लाडली लक्ष्मीचे एक लाख मुलीच्या लग्नाला. मंगल कार्यालयवाल्यांची चैन. सिंगापूरने सत्तरच्या दशकात दोनच पुरे म्हणून दामटवलं, १९८७ ला परवडत असेल तर तीन करा म्हणून विनवलं. बायका काही परतल्या नाहीत. दक्षिण कोरियाने तर पैसा ओतला आणि २०२३ ला आकडा ०.७२ वर आला.

खाजनराखण, तुमच्यासाठीही एक. शेतं विकली कुणी? आमच्याच घरात भावाभावांत वाटणी झाली तेव्हा विकत घेणारा दिल्लीचा होता, सही मात्र आमच्या चुलत सासऱ्यांची.

खाजनराखण

वहिनी, हे लागलं. आमच्या खाजनाचा, खाडीकाठच्या बांधातल्या शेताचा, तुकडाही असाच गेला. पण झोन बदलला नसता तर तो भाव आलाच नसता, आणि चुलत सासऱ्यांनी सही केली नसती. लोभ माणसाचा, वाट सरकारने करून दिलेली. तेवढ्यावर मी ठाम आहे.

साखळीकर

पाळणाघराचं पटलं. सिक्कीमचा मुद्दा मागे घेतो. अर्धा.

स्विंडनचा

मी त्या जाणाऱ्यांतला. आजोबा मुक्तीआधी जन्मलेले, त्यामुळे बाबांची आणि माझी पोर्तुगीज नागरिक म्हणून नोंद लिस्बनला करून घेतली. २०१२ च्या खाणबंदीत आमचा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते थांबले नाहीत. पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडचं दार तेव्हा उघडं होतं, ब्रेक्झिटनंतर मिटलं. इथे गोदामात रात्रपाळी करतो. "गाव सोडला" म्हणणाऱ्यांनी आधी त्या ट्रकचे हप्ते भरून दाखवावेत.

आई सत्तरी तालुक्यात एकटी आहे. तिच्याजवळ झारखंडची एक मुलगी राहते. व्हिडिओ कॉलवर आई तिला ओरडत होती, हुमणात तिरफळं किती घालायची यावरून. आठ म्हणे ती पोरगी, आई म्हणे पाच. मला ते हुमण करता येत नाही. तिला येतं.

या हिशोबात भायला कोण ते आकडेमोडांनी सांगावं.

आकडेमोड

तक्त्यात ती स्थलांतरित, तुम्ही नाहीतच. गोव्यातून देशाबाहेर गेलेल्यांना आपली जनगणना मोजत नाही. आईच्या घरात माणसं दोन लिहिली जातील, आई आणि ती.

साखळीकर

मग एक प्रश्न माझाही. घरयादी करायला माणूस वाड्यावर येईल तेव्हा ती सहा घरं काय लिहिणार?

आकडेमोड

कुणी राहतच नसेल तर रिकामं. राहणारे थोडे दिवस बाहेर गेले असतील तर कुलूपबंद. शेजाऱ्यांना विचारून ठरवतात.

साखळीकर

आमच्या धाकट्या काकांच्या घरात देव आहेत. भटजींना महिन्याचे पैसे जातात, ते रोज सकाळी कुलूप काढून आत जातात, पूजा करतात, नैवेद्य दाखवतात, परत कुलूप. बाकी आत कुणी राहत नाही.

बायणाकर

शेजारी म्हणून विचारतील ते गदगच्या पोराला. त्याला आधी सांगून ठेवा.